स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना मदत करताना या चुका टाळा

पाऊस हुकला, पूर आला किंवा शेतात खारं पाणी शिरलं की घरातलं कोणीतरी कामासाठी बाहेर पडतं. मदत करणारे मात्र बहुधा पैसा अडकल्यावर पोचतात. खरा घोळ निघण्याआधीच झालेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती कर्ज काढून दलालाची भर करण्याची चूक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1997 चा करार (क्रमांक 181) सांगतो की खासगी भरती एजन्सीने कामगाराकडून शुल्क घेऊ नये. पण हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही आणि त्यात अपवादही आहेत, त्यामुळे तिथला कायदा आधी पाहा. डोक्यावर व्याज असलं की सुरुवातीची कमाई सावकाराच्याच घरात जाते. शिवाय मालक छळत असला तरी कर्जबाजारी माणसाला काम सोडता येत नाही. कर्ज झालंच असेल, तर एखाद्या संस्थेकडून कमी व्याजाने रक्कम मिळते का पाहून सावकाराचं मिटवा, आणि पावती घ्या.

पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

पैसे पाठवताना लोक फक्त शुल्क विचारतात. ‘शुल्क शून्य’ म्हणणारे चलनाच्या दरात वसूल करतात. म्हणून एकच प्रश्न विचारा: घरच्यांच्या हातात नक्की किती पडतील? पैसे पाठवण्याचा हा खर्च 2030 पर्यंत पाठवलेल्या रकमेच्या 3 टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. जगाची सरासरी अजून त्याच्या सुमारे दुप्पट आहे. पैसे पोचले नाहीत तर घाईने पुन्हा पाठवू नका, आधी व्यवहार क्रमांक देऊन लेखी तक्रार करा.

‘हवामान निर्वासित’ म्हणून परदेशात आसरा मिळेल, अशी आशाही दाखवू नका. 1951 च्या निर्वासित करारात हे कारण नाही.

आणि आलेला पैसा धान्यात, औषधात ‘उडाला’ म्हणून कुटुंबाला बोल लावणं तर अगदीच चूक. ती त्यांची मजुरी आहे. बंधारे आणि पूरसंरक्षण हे सरकारचं काम, ते मजुरीतून कसं होणार? फार तर पावसाळ्याआधी थोडी रक्कम वेगळी ठेवायला सुचवा, शक्यतो घर सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यात.

ज्यांच्याकडे प्रवासभाडंही नाही ती घरं स्थलांतरितांच्या मदतीच्या यादीत येतच नाहीत, कारण तिथून कोणी गेलेलंच नसतं. त्यांची नावं वेगळी विचारून घ्या.