हायब्रिड एसयूव्ही घ्यायची आहे? आधी अख्खं घर गाडीत बसवून घाट चढा

२०२२ नंतर मी स्वतःची एक हायब्रिड घेतली. मेहुण्याची, ऑफिसातल्या दोघांची आणि सोसायटीतल्या एका काकांची गाडी घेतानाही मी सोबत होतो. दर वेळी शोरूममध्ये तोच अर्धवट सल्ला कानावर पडतो, म्हणून हे क्रमाने लिहितोय.

१. कोणती हायब्रिड, ते विचारा

हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात आणि दोघींनाही हायब्रिडच म्हणतात, पण एक असते माइल्ड आणि दुसरी स्ट्राँग. माइल्डमधली छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. स्ट्राँगमध्ये मोटर स्वतः चाकं फिरवते, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये इंजिन बराच वेळ बंद राहतं. सेल्समनला एकच प्रश्न विचारा: "इंजिन बंद असताना ही गाडी रस्त्यावर चालते का?" उत्तर गोलमोल आलं तर ती माइल्ड समजा.

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर दोन्ही प्रकारांत मिळतात. त्यांच्या स्ट्राँगचा कागदावरचा अ‍ॅव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तिची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची. ती घरी चार्ज करायची नसते. इंजिन चालताना आणि ब्रेक दाबताना ती आपोआप भरते. सात जण बसणार असतील तर इनोव्हा हायक्रॉस बघा, पण तिसरी रांग उघडी ठेवून मागे किती जागा उरते ते डोळ्यांनी पाहा.

२. हिशेब घरी, कागदावर

समजा माइल्ड आणि स्ट्राँगमध्ये तीन लाखांचा फरक आहे आणि तुमचं महिन्याचं रनिंग १२०० किलोमीटर, तेही बहुतेक शहरात. माइल्ड लिटरला १४ किलोमीटर देते, स्ट्राँग २२ देते असं धरलं तर महिन्याला ३१ लिटर पेट्रोल वाचतं. १०४ रुपयांनी सव्वातीन हजार झाले. म्हणजे फरक भरून निघायला पावणेआठ वर्षं. रनिंग ६०० असेल तर पंधरा वर्षं, आणि मग निव्वळ बचतीसाठी हायब्रिड घेऊ नका. रोज हायवेलाच पळणाऱ्यांनाही फायदा कमी. ही गाडी पैसे वाचवते ती सिग्नलला आणि गर्दीत.

३. टेस्ट ड्राइव्ह

इथे मी चुकलो होतो. एकटाच गेलो. सपाट रस्ता, दहा मिनिटांची चक्कर, बॅटरी आधीच भरलेली. गाडी आवाज न करता सरकली आणि मी त्याच संध्याकाळी बुकिंगचे पैसे भरले.

मग गणपतीला गावी निघालो. पहाटे चारला पार्किंगमध्ये डिकी उघडली. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी बहुधा मागच्या बाजूला, डिकीच्या तळाशी असते, त्यामुळे तळ उंच होतो. दोन मोठ्या बॅगा उभ्या राहीनात, आडव्या टाकल्या तर वर मखराचा खोका बसेना. आईचा घडीचा वॉकर शेवटी मागच्या सीटसमोर आडवा ठेवला आणि त्यावरून पाय टाकून ती कोकणापर्यंत बसली. उतरली तेव्हा तिचे घोटे सुजलेले होते. ते मला अजून खुपतं, कारण शोरूममध्ये दोन बॅगा नेल्या असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं.

म्हणून डिकीचे लिटर वाचू नका. तुमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बॅगा, वॉकर, बाबागाडी, जे काही गावी जाताना लागतं ते शोरूममध्ये घेऊन जा आणि भरून बघा. सेल्समन हसला तर हसू द्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मागे बसवा, दोनदा चढायला-उतरायला लावा आणि गुडघे कुठे येतात ते बघा.

मग सगळ्यांना बसवून, एसी लावून चढावर चला. पुण्यात असाल तर जुना कात्रज घाट किंवा बोपदेव, ठाण्याकडे असाल तर गायमुखचा चढ. भरलेल्या गाडीत बॅटरी लवकर उतरते आणि सगळा भार इंजिनावर येतो. तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर ते एकाच वरच्या सुरात घोंघावत राहतं आणि वेग त्या मानाने वाढत नाही. यात बिघाड काही नाही. या गाड्यांत ठरलेले गिअरच नसतात. पण हा आवाज तुम्हाला आणि घरच्यांना चालणार आहे का, हे पैसे भरण्याआधी ठरवा. सपाट रस्त्यावर तो ऐकूच येत नाही.

उतरतानाही लक्ष द्या. बॅटरी छोटी असल्याने लांब उतारावर ती लगेच भरते आणि मग मोटर गाडीला पहिल्यासारखी धरून ठेवत नाही. गिअरच्या दांड्यावर 'बी' असेल तर तो टाका, इंजिन गाडी रोखून धरतं. नुसत्या ब्रेकवर घाट उतरू नका. सेल्समन 'बी'बद्दल आपणहून सांगत नाही, तुम्ही विचारा.

शोरूमवाले एवढी लांब टेस्ट ड्राइव्ह देत नसतील तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.

४. कोटेशन

शोरूमने लावलेले हँडलिंग चार्जेस खोडायला लावा. विमा बाहेरून घेता येतो, बाहेरचा दर हातात घेऊनच बोला. विम्यातलं 'इंजिन प्रोटेक्ट' म्हणजे इंजिनाचं जादा कव्हर आणि हायब्रिडच्या बॅटरीचं कव्हर वेगवेगळं असू शकतं, दोन्ही विचारा. महाराष्ट्रात हायब्रिडला इलेक्ट्रिकसारखी रोड टॅक्सची माफी नाही. पेट्रोल गाडीइतकाच टॅक्स पडतो, दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी मारुती आणि टोयोटात ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, ती कागदावर बघून घ्या.

५. पासिंगच्या आधी

गाडीची आरटीओत नोंदणी होण्याआधी ती दिवसाउजेडी तपासा, मुहूर्ताच्या दिवशी नाही. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा.

६. घरी आल्यावर

मागच्या सीटजवळ बॅटरीसाठी हवा ओढणारी जाळी असेल तर तिच्यावर चादर, पिशवी, उशी ठेवू नका. गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा. १२ व्होल्टची साधी बॅटरी उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. बॉनेटखालच्या केशरी वायरींना कोणालाही, ओळखीच्या मेकॅनिकलाही, हात लावू देऊ नका. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पावसाळ्याआधीच बंदोबस्त करा.