एचआर सॉफ्टवेअरमधे ठेकेदाराची माणसं बसवायचं काम अंगावर आलं तर

एमबीए एचआर करून नाहीतर पेरोलमधून एचआर सॉफ्टवेअरच्या लाइनीत येणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहून राहिलो. आता नागपूरच्या मिहानमधे बसूनही हे काम मिळतं, पुण्यालाच पळावं लागतं असं काही नाही. प्रोजेक्टवर नवीन माणूस आला की कंटिंजंट वर्करचं, म्हणजे ठेकेदाराच्या माणसांचं, सेटअप हमखास त्याच्या गळ्यात मारतात कारण सीनियर मंडळींना ते किरकोळ वाटतं. स्क्रीनवरच्या क्लिका खरंच किरकोळ आहेत. माणूस नेमका कोणाचा हे ठरवणं किरकोळ नाही, आणि बाकी सगळं त्याच्यावरच उभं असतं.

बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर सकाळच्या शिफ्टला उभे राहून पहा, सगळ्यांचा शर्ट सारखा, बूट सारखे, पण त्यात कोणी परमनंट, कोणी फिक्स्ड टर्म, कोणी अप्रेंटिस आणि कोणी ठेकेदाराचा. क्लायंटचा एचआर मॅनेजर या सगळ्यांना एका दमात "कॉन्ट्रॅक्टवाले" म्हणून मोकळा होतो. तुम्ही होऊ नका. फिक्स्ड टर्मवाल्याला पगार कंपनी स्वतः देते, त्याचं फक्त संपायचं ठरलेलं असतं, म्हणून तो सिस्टीममधे एम्प्लॉयीच जातो, कॉन्ट्रॅक्ट एंड डेट टाकून. अप्रेंटिसला स्टायपेंड असतो आणि 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात तो कामगार नाही, ट्रेनी आहे, त्याचा वेगळा एम्प्लॉयी क्लास करायचा की कसं ते क्लायंटकडून लेखी घ्या. उरला ठेकेदाराचा माणूस, तो तुमचा कंटिंजंट वर्कर.

त्याला सिस्टीममधे हायर करतच नाहीत. सक्सेसफॅक्टर्स (एसएपीचं), वर्कडे, ओरॅकल ही नेहमीची एचआर सॉफ्टवेअरं. सक्सेसफॅक्टर्समधे त्यासाठी 'स्टार्ट कंटिंजंट वर्कर' असा इव्हेंटच वेगळा आहे, वर्कडेमधे 'कॉन्ट्रॅक्ट कंटिंजंट वर्कर' ही बिझनेस प्रोसेस, ओरॅकलमधे वर्क रिलेशनशिपचा प्रकारच वेगळा. काही ठिकाणी घाईघाईत नेहमीच्या हायरमधूनच माणसं भरतात आणि एका फील्डमधे "कॉन्ट्रॅक्ट" लिहून ठेवतात, मग दिवाळीच्या तोंडावर बोनसच्या यादीत ठेकेदाराची माणसं निघतात, अप्रेझलचे फॉर्म त्यांना जातात, लीव्ह बॅलन्स चढत राहतो आणि हेडकाउंटचा आकडा फायनान्सशी काही केल्या जुळत नाही.

क्लायंट विचारतो, आमच्या पेरोलवर नाही तर आमच्या सिस्टीममधे कशाले? उत्तर कायद्यात आहे. आधीचा 1970 चा कंत्राटी कामगार कायदा असो की त्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेला 2020 चा ओएसएच कोड (कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य वगैरेंचा कायदा), ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकाला, म्हणजे क्लायंट कंपनीला, ती द्यावी लागते, मग ठेकेदाराकडून वसूल करत बसा. कोडमधलं कंत्राटी कामगारांचं प्रकरण 50 किंवा जास्त कंत्राटी माणसं असली की लागतं. म्हणजे कोणत्याही तारखेला कोणत्या ठेकेदाराची किती माणसं आत होती हा रिपोर्ट निघालाच पाहिजे, आणि तो निघायचा असेल तर व्हेंडर (ठेकेदार) हे फील्ड साधं टेक्स्ट ठेवून चालत नाही, मास्टरमधून, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या ठेकेदारांच्या यादीतून, निवडायचंच पाहिजे. नाहीतर एकच ठेकेदार तीन स्पेलिंगनं तीन ठेकेदार होतो.

सक्सेसफॅक्टर्समधे व्हेंडर आणि तारखा वर्क ऑर्डरवर, म्हणजे त्या माणसाच्या कंत्राटाच्या नोंदीवर, बसतात. एंड डेट रिकामी सोडू देऊ नका भाऊ, कितीही म्हणाले की "नंतर टाकू". ती तारीख फक्त एचआरसाठी नसते, ईमेल आयडी, गेटपास, लॅपटॉपचं लॉगिन सगळं त्याच तारखेवर बंद व्हायचं असतं, आणि आयटीवाल्यांना एचआर सिस्टीममधून फाइल गेली नाही तर काम सोडून गेलेल्या माणसाचा आयडी आरामात चालू राहतो. संपायच्या आधी मॅनेजरला अलर्ट जाईल असं बसवा, किती दिवस आधी ते त्यांनाच ठरवू द्या.

आता डेटा. ठेकेदाराकडून येणारी एक्सेल हा स्वतंत्र विषय आहे. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, 12 आकडी असतो, एक्सेलचा कॉलम जनरल ठेवला की तो 1.01E+11 असा दिसतो, आणि तशीच सीएसव्ही सेव्ह केली की नंबर गेला कामातून. कॉलम आधीच टेक्स्ट करून टेम्प्लेट पाठवा, भरलेली फाइल आल्यावर दुरुस्त करू म्हणाल तर रात्र जाते. जन्मतारखेत अर्ध्या लोकांच्या पुढे 1 जानेवारी दिसली तर दचकू नका पण डुप्लिकेट चेक फक्त नाव आणि जन्मतारखेवर सोडू नका, कारण ठेकेदार बदलतो, माणूस तोच राहतो, आणि नवीन ठेकेदाराच्या यादीत तो नवीन म्हणून परत येतो. सिस्टीममधे माणूस एकच ठेवायचा, त्याच्याखाली एम्प्लॉयमेंटची नोंद दुसरी करायची.

हेच कंपनीनं त्याला परमनंट केल्यावर. जुनं कंत्राट संपवायचं, मग हायर. इथं जॉइनिंगची तारीख कोणती धरायची हा प्रश्न येतोच, कारण ग्रॅच्युइटी, सीनिऑरिटी त्याच्यावर चालते. ते तुम्ही ठरवायचं नाही, लीगलकडून मेलवर घ्या आणि मेल जपून ठेवा.

शिकायचं कुठून म्हणाल तर एसएपीच्या लर्निंग साइटवर बरंच फुकट आहे, ओरॅकलचं डॉक्युमेंटेशन उघडं आहे. वर्कडेचं ट्रेनिंग मात्र साधारणपणे कस्टमर किंवा पार्टनर कंपनीत असल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे "वर्कडे शिकवतो" म्हणून फी मागणाऱ्या क्लासवाल्याला पहिले विचारा की प्रॅक्टिसला टेनंट (वर्कडेची चालू सिस्टीम) कुठला देणार.

आणि टेस्टिंगला नुसतं "माणूस ॲड झाला, पास" करू नका. एंड डेट आजची टाका, मागची टाका, मॅनेजर स्वतःच कंत्राटी आहे असं करून पहा, एका माणसाला दोन ठेकेदारांच्या ओव्हरलॅप तारखा द्या, मग पेरोलची फाइल काढून त्यात कंत्राटी कोणी घुसला का ते नावानिशी शोधा.