गोव्यातल्या मिळकती मूल्यांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरताना या चुका टाळा

सॉफ्टवेअरकडे आसपासचे व्यवहार मागितले आणि दर भलतेच आले, तर बाजाराला दोष देण्याआधी नोंदी तपासा. एकच प्लॉट तिघांनी तीन तऱ्हांनी भरलेला सापडेल. सगळं एकसारखं करायचंच आहे. पण मूळ नोंदीवर नवी नोंद कधीही चढवू नका. मूळ रकाना तसाच ठेवून शेजारी दुरुस्तीचा रकाना घ्या. उद्या बँकेने विचारलं, तर कागदावर काय होतं ते दाखवता आलं पाहिजे.

सर्वांत मोठा घोळ सर्व्हे नंबरात होतो. एक्सेलमध्ये १२/१ टाइप केलं की त्याची तारीख होते: कुठे १२ जानेवारी, कुठे १ डिसेंबर. नंतर रकाना 'टेक्स्ट' केला तर पाच आकडी संख्या उरते, सर्व्हे नंबर परत येत नाही. म्हणून रकाना आधी टेक्स्ट करा, मग डेटा पेस्ट करा. स्लॅशऐवजी टिंब देणं तर त्याहून वाईट. आकड्यांच्या रकान्यात १२.१ आणि १२.१० एकच ठरतात आणि दोन वेगळ्या जमिनी एक होऊन बसतात. सर्व्हे नंबर आणि पोटविभाग वेगवेगळ्या रकान्यांत भरा. पणजी, मडगावसारख्या शहरांत मिळकतीला सर्व्हे नंबराऐवजी चलता नंबर आणि पी. टी. शीट (नकाशाचा कागद) नंबर असतात; त्यांनाही स्वतःची जागा द्या. ते सर्व्हे नंबरच्या रकान्यात कोंबू नका.

एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) क्षेत्रफळ हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. ०-१२-५० म्हणजे १,२५० चौ. मी. घाईत तेच १२.५० भरलं की दर शंभरपट फुगतो. असे आकडे पकडायला दरानुसार यादी लावा आणि दोन्ही टोकांच्या नोंदी उताऱ्याशी ताडून पाहा. फ्लॅटच्या बाबतीत चौरस फुटांना १०.७६४ ने भागून चौ. मी. काढले की काम संपत नाही; तो आकडा कार्पेट (फ्लॅटच्या आतली जागा) आहे की सुपर बिल्टअप (जिना, लॉबी अशा सामाईक जागेचा वाटा धरून), हे आधी ठरवा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी धरत नाहीत. प्रकार कळत नसेल तर 'अज्ञात' लिहा. ठरावीक टक्के वजा करून कार्पेट काढणं मला मुळीच मान्य नाही, कारण ते प्रमाण इमारतीगणिक बदलतं.

गावांच्या नावांवर सरसकट 'फाइंड-रिप्लेस' चालवू नका. खोर्ली तिसवाडीतही आहे आणि म्हापशातही. बोलण्यात 'पर्वरी' असलेली मिळकत कागदावर सुकूर किंवा पेन्ह द फ्रान्स गावात निघते. तेव्हा महसुली गाव एका रकान्यात आणि बोलीतलं नाव दुसऱ्यात ठेवा. मिळकतीची ओळख तालुका, गाव, सर्व्हे आणि पोटविभाग यांवर बांधा, जिल्ह्यावर नको. फोंडा तालुका पूर्वी उत्तर गोव्यात होता, आता दक्षिणेत आहे; जुन्या अहवालांत 'उत्तर'च दिसेल. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळही काढून टाका, नाहीतर एकच नंबर दोनदा मोजला जाईल.

कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्या रकान्यांत रिकाम्या जागी 'नाही' भरून टाकायचा मोह आवरा. 'नाही' म्हणजे कुणीतरी उतारा पाहिला, जागेवर चौकशी केली आणि नाव सापडलं नाही. रिकाम्या जागी 'तपासलं नाही' लिहा आणि ती मिळकत तपासणीच्या यादीत टाका.