रेस ड्रायव्हर व्हायचंय? आधी सीट टाइमचा हिशोब मांडा

रेस ड्रायव्हर व्हायचंय असं म्हणणारे जवळपास सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, फॉर्म्युला वनपर्यंत कसं पोचायचं. मी दरवेळी उलट विचारतो, गेल्या महिन्यात किती लॅप मारले? बहुतेकांकडे उत्तर नसतं आणि खरी अडचण तिथेच असते.

फॉर्म्युला वनमध्ये 2026 पासून कॅडिलॅक आल्यामुळे 11 टीम झाल्या, म्हणजे अख्ख्या जगात सीट किती तर 22. फेलिपे द्रुगोविच 2022 चा फॉर्म्युला टू (एफ टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालचा क्लास) चॅम्पियन, तेओ पूर्शेर 2023 चा, आणि दोघांनाही तिथे फुल टाइम सीट मिळाली नाही. ऑस्कर पियास्त्रीने तर 2020 ला एफ थ्री (एफ टूच्या खालची पायरी) आणि 2021 ला एफ टू अशा लागोपाठ दोन चॅम्पियनशिप मारल्या तरी 2022 चं पूर्ण वर्ष त्याला रिझर्व्ह म्हणून बसून काढावं लागलं. हे घाबरवायला सांगत नाहीये. सांगायचंय एवढंच की "वरचा क्लास" हे टार्गेट ठेवून पैसे लावू नका, प्रत्येक रुपयामागे गाडीत किती वेळ मिळतोय, म्हणजेच सीट टाइम, ते बघून लावा.

सुरुवात कार्टिंगनेच करा, वय काहीही असो. कार्ट म्हणजे लहान मुलांचं खेळणं असं ज्यांना वाटतं त्यांनी तिची मागची बाजू एकदा नीट बघावी. तिला सस्पेन्शन नाही, दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, मागचा ॲक्सल एकसंध दांडा, त्यामुळे दोन्ही मागची चाकं एकाच स्पीडने फिरतात. पण वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं ना, मग आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं तरच गाडी वळते, आणि ते उचललं जातं स्टिअरिंगच्या जिओमेट्रीमुळे, चेसिसच्या (सांगाड्याच्या) लवचिकपणामुळे आणि तुम्ही ब्रेक सोडून स्टिअरिंग कसं देता त्यामुळे. स्टिअरिंग जास्त दिलं की पुढचे टायर घासतात, चाक वळण संपायच्या आधीच खाली आलं की इंजिन दबतं, आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर तुम्ही मागे पडता. वजन कुठून कुठे सरकतंय हे इतकं स्वच्छ शिकवणारी दुसरी गाडी मला तरी माहीत नाही. आधी भाड्याच्या कार्टवर जा, आणि सगळ्यात फास्ट लॅपच्या मागे न लागता सलग दहा लॅप सेकंदाच्या दोन-तीन दशांशाच्या फरकात मारता येतात का ते बघा. ते जमायला लागलं की मग स्वतःच्या कार्टचा विचार करा.

सिम्युलेटरबद्दल लोक फार टोकाचं बोलतात, कोणी म्हणतं गेम आहे, कोणी म्हणतं हेच भविष्य. विल्यम बायरन घरच्या कॉम्प्युटरवर आयरेसिंग हा रेसिंग सिम्युलेटर खेळत शिकला आणि पुढे 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षं डेटोना 500 ही अमेरिकेतली नॅसकारची मोठी रेस जिंकला. यान मार्डनबरो 2011 मध्ये जीटी अकॅडमी (ग्रॅन टुरिस्मो या व्हिडिओ गेमवरून ड्रायव्हर निवडणारी स्पर्धा) जिंकून खऱ्या गाडीत आला आणि 2013 ला ल मानच्या 24 तासांच्या रेसमध्ये उतरलासुद्धा. तेव्हा रस्ता आहे. सिम तुम्हाला लाइन (वळणातून गाडी कुठून न्यायची), ब्रेकिंग पॉइंट, ट्रॅफिकमध्ये जागा शोधणं, डेटा वाचणं हे सगळं शिकवतो, पण पाठीखालून गाडी सरकतेय ही जाणीव आणि भिंत जवळ आल्यावरची भीती तो देत नाही. पैसे मोजके असतील तर महागड्या स्टिअरिंगच्या आधी लोड सेलवाला (दाब मोजणारा) ब्रेक पेडल घ्या, कारण खऱ्या गाडीत ब्रेक पायाच्या दाबावर मोजला जातो, पेडल किती आत गेलं त्यावर नाही.

आता लायसन्सची भानगड. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी वय 18, साधं ड्रायव्हिंग लायसन्स, एक लेखी परीक्षा आणि खालच्या क्लासमधल्या रिझल्टवर तीन सीझनमध्ये मिळून 40 पॉइंट लागतात. मॅक्स वेरस्टॅपन 2015 मध्ये 17 व्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला, त्यानंतर वयाची अट घातली गेली, आणि 2024 पासून अपवाद म्हणून 17 वर्षांच्या ड्रायव्हरला परवानगी द्यायची सोय एफआयएने (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) पुन्हा ठेवली. एफ टूमध्ये पहिल्या तिघांना थेट 40 पॉइंट मिळतात, एफ फोरच्या (कार्टिंगनंतरची पहिली पायरी) चॅम्पियनला 12. हे आकडे बघून लोक घाई करतात, दरवर्षी एक पायरी वर, आणि प्रत्येक वर्षी बाराव्या-पंधराव्या नंबरवर. प्लीज हे करू नका! मर्सिडीजकडून फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला किमी अँटोनेल्ली एफ थ्री गाळून थेट एफ टूला गेला खरा, पण त्याच्या पाठीवर मर्सिडीजचा हात होता आणि खालच्या क्लासमधली टायटल आधीच खिशात होती. तुमच्याकडे ते नसेल तर त्याच क्लासमध्ये दुसरं वर्ष काढा, टेस्टिंगचे दिवस वाढवा आणि पुढे राहायला शिका.

मुलींसाठी 2023 पासून एफ वन अकॅडमी ही वेगळी रेसिंग सिरीज सुरू आहे, गाडी एफ फोरच्या लेव्हलची. 2024 ची चॅम्पियन ॲबी पुलिंगला त्यातून 2025 साठी जीबी थ्री या ब्रिटिश सिरीजची सीट मिळाली. कार्टिंगमध्ये असलेल्या मुलींनी याची निवड कशी होते यावर लक्ष ठेवाच.

ज्याबद्दल कमी बोललं जातं ते म्हणजे जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्या) आणि एन्ड्युरन्स (एकच गाडी आळीपाळीने चालवायच्या तासन्‌तासांच्या रेस). ड्रायव्हिंगवर पोट भरणारे कितीतरी लोक इथे आहेत. एफआयए ड्रायव्हरना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा वरून खाली ग्रेड देते, आणि वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपच्या एलएमजीटी थ्री या जीटी गाड्यांच्या क्लासमध्ये प्रत्येक गाडीत एक ब्राँझ ड्रायव्हर असावाच लागतो. हा ब्राँझ बऱ्याचदा स्वतःचा धंदा सांभाळून रेस करणारा माणूस असतो आणि गाडीचा खर्चही बऱ्याचदा तोच उचलतो. म्हणून टीमला असा तरुण हवा असतो जो फास्ट आहे, गाडी ठोकत नाही आणि त्या माणसाला शांतपणे शिकवू शकतो. त्यामुळे कोचिंग करायला लाजू नका, मला तर वाटतं दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं ड्रायव्हिंग जास्त सुधारतं.

स्पॉन्सरला "माझं स्वप्न पूर्ण करा" असं लिहून पाठवू नका, त्याला काय मिळणार ते लिहा, म्हणजे त्याच्या ग्राहकांना रेसच्या दिवशी गॅरेज दाखवणं, त्याच्या स्टाफसाठी कार्टिंगचा दिवस, वापरता येतील असे फोटो-व्हिडिओ. लुईस हॅमिल्टन 10 वर्षांचा असताना 1995 मध्ये मॅक्लारेन टीमचे बॉस रॉन डेनिसना जाऊन भेटला ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण मॅक्लारेनने त्याला करारात घेतलं 1998 ला, आणि मधली तीन वर्षं तो कार्टिंगमध्ये रिझल्ट देत होता हे कोणी सांगत नाही.

करार मात्र शांतपणे, दोनदा वाचा. मी एका टीमला तोंडी बोलण्यावर ॲडव्हान्स दिला होता, तिसऱ्याच टेस्टला दुसऱ्याने मागून ठोकलं आणि सस्पेन्शनचं बिल माझ्या नावावर आलं, ठरलेल्या दिवसांपैकी निम्मे दिवस त्यातच गेले. नुकसान कोणी भरायचं आणि किती मर्यादेपर्यंत, इंजिन गेलं तर काय, टायरचे सेट किती, टेस्ट पावसाने वाया गेली तर दिवस परत मिळणार का, हे सगळं लिहून घ्या. जो टीम मालक हे लिहून द्यायला चिडतो तिथून निघा.

फिटनेसमध्ये मान आणि उष्णता या दोन गोष्टींवर जास्त मेहनत घ्या. कारसाठी हेल्मेट घेताना एसए रेटिंगचंच (कार रेसिंगसाठीचं, आगीची चाचणी झालेलं) घ्या, मोटरसायकलच्या हेल्मेटचं अस्तर आगीत टिकेल असं बनवलेलं नसतं.

आणि बजेट संपलं म्हणून घरी बसू नका. ट्रॅकवर झेंडे दाखवणारा मार्शल म्हणून जा, टीममध्ये टायर पुसायला जा, संध्याकाळी इंजिनिअर आणि ड्रायव्हर काय बोलतात ते कान देऊन ऐका. चांगला ड्रायव्हर "गाडी बेकार आहे" किंवा "विंग वाढवा" असं म्हणत नाही, तो सांगतो की तिसऱ्या वळणात ब्रेक सोडताना पुढून धरते, मधे पोचल्यावर नाक बाहेर जातं, ॲक्सिलरेटर दिला की मागून सुटते. एन्ट्री, मिडल, एक्झिट, प्रत्येक वळणाचं असं एका ओळीत, गाडीतून उतरल्यावर लॅप टाइम बघायच्या आधी वहीत लिहा. भाड्याच्या कार्टवरही लिहा.