लाईट आली, मशीन उठलं, ॲप मात्र नाही: डॉकर सेटअपमध्ये या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, होटगी रोडवरचं क्लिनिक असो की नव्या पेठेतलं होलसेल दुकान. आपलं ॲप आपल्याच मशीनवर चालवायचं ठरलं की हल्ली आधी डॉकर कंपोजची फाईल उघडली जाते. डॉकर प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो, आणि कोणता कंटेनर कसा चालवायचा हे कंपोजच्या फाईलमध्ये लिहायचं. कंटेनर दोनच, एक ॲपचा आणि एक पोस्टग्रेस या डेटाबेसचा. कमांड दिली, लॉगिनचं पान आलं, सेटअप करणारा मोकळा. मग एके दुपारी लाईट जाते, इन्व्हर्टरही बसतो, तासाभराने लाईट येते आणि काउंटरवरून फोन येतो: "सर्व्हर चालू हाय की ओ, पण ॲप उघडंना."

माझं मत सरळ आहे. खरा डेटा भरण्याआधी मशीनची पिन काढायची, पुन्हा लावायची आणि हाताची घडी घालून बसायचं. कोणी काही न करता ॲप उघडलं तरच सेटअप पूर्ण. ही तपासणी न केल्यामुळे राहून जाणाऱ्या चुकांपासूनच सुरुवात करू.

लाईट परत आल्यावरचा गोंधळ

पहिली चूक डॉकरचीही नसते. डेस्कटॉप मशीन लाईट आल्यावर आपोआप सुरू होईलच असं नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारा मूळ मेनू) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती 'चालू हो' वर ठेवा. त्यानंतर दोन्ही सेवांना, म्हणजे ॲप आणि डेटाबेसला, रीस्टार्ट पॉलिसी द्या: बंद पडलेला कंटेनर पुन्हा कधी उठवायचा याचा नियम. 'अनलेस-स्टॉप्ड' बहुतेक ठिकाणी पुरते. तिचा अर्थ मात्र लक्षात असू द्या: तुम्ही हाताने थांबवलेला कंटेनर मशीन बूट झाल्यावर उठत नाही. रात्री कोणीतरी 'जरा बंद करून बघू' म्हणून स्टॉप दिला असेल, तर सकाळी तो बंदच सापडणार.

आता मुख्य घोळ. फाईलमध्ये ॲपच्या खाली 'डिपेंड्स-ऑन' लिहिलं की डेटाबेस तयार झाल्यावरच ॲप सुरू होईल, असं बरेच जण धरून चालतात. नुसतं नाव लिहिलं तर कंपोज फक्त डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला का एवढंच पाहतो. आतला पोस्टग्रेस कनेक्शन घ्यायला तयार आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अचानक वीज गेल्यानंतर तर पोस्टग्रेस आधी आपल्या वॉल फाईली (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) वाचून अर्धवट राहिलेलं काम जुळवतो. तेवढ्या वेळात ॲपने दार ठोठावलं, तर डेटाबेस अजून सुरू होतोय एवढंच उत्तर मिळतं आणि ॲप तिथेच मान टाकतं.

यावर उपाय म्हणजे डेटाबेसला हेल्थचेक (तो तयार आहे का याची तपासणी) लावायचा, त्यात पोस्टग्रेसचं पीजी-इजरेडी हे टूल चालवायचं आणि डिपेंड्स-ऑनमध्ये 'सर्व्हिस-हेल्दी' ही अट टाकायची. पीजी-इजरेडीला होस्ट (कुठे जोडायचं तो पत्ता) म्हणून १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचाच पत्ता, द्या. पहिल्यांदा डेटाबेस तयार होत असताना इमेज (ज्या तयार साच्यातून कंटेनर बनतो तो) एक तात्पुरता सर्व्हर चालवते आणि तो फक्त आतल्या सॉकेटवर ऐकतो, नेटवर्कच्या पत्त्यावर नाही. होस्ट दिला नाही तर हेल्थचेक त्या तात्पुरत्या सर्व्हरलाच 'तयार' समजून बसतो.

एवढं करूनही एक फट उरते, आणि लाईट जाणाऱ्या गावात तीच सगळ्यात जास्त नडते. मशीन बूट झाल्यावर कंटेनर उठवतो तो डॉकरचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम. तो रीस्टार्ट पॉलिसी पाहतो. तुमची कंपोज फाईल वाचत नाही. म्हणजे डिपेंड्स-ऑन आणि त्यातली अट त्या वेळी लागूच नसते. दोन्ही कंटेनर एकदम सुटतात. म्हणून ॲपमध्येच काही सेकंद थांबून पुन्हा जोडायचा प्रयत्न हवा. ते शक्य नसेल तर डेटाबेस न मिळाल्यावर ॲपने एरर देऊन बंद तरी पडावं, म्हणजे रीस्टार्ट पॉलिसी त्याला पुन्हा उठवेल. बंदही पडत नाही आणि जोडूनही घेत नाही, असं ॲप सगळ्यात वाईट. कंटेनर 'अप' दिसतो, आणि गिऱ्हाईक समोर उभं.

लोकलहोस्ट म्हणजे नेमकं कोण

ॲपच्या कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस तिथे नाहीच. होस्टच्या जागी कंपोज फाईलमधलं सेवेचं नाव लिहा. सेवेला 'डीबी' म्हटलं असेल तर होस्ट 'डीबी'. बाहेरून ५४३३ हा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) आतल्या ५४३२ ला जोडला असला, तरी ॲपने ५४३२ च वापरायचा. बाहेरचा आकडा फक्त बाहेरच्यांसाठी.

पासवर्ड बदलला, तरी दार उघडत नाही

एन्व्ह फाईलमध्ये (पासवर्डसारख्या सेटिंगची फाईल) डेटाबेसचा पासवर्ड बदलला, कंटेनर नव्याने उभा केला, आणि ॲप म्हणतं पासवर्ड चुकीचा. यात बग नाही. पोस्टग्रेसची इमेज पासवर्ड, युजर आणि डेटाबेसचं नाव हे व्हेरिएबल फक्त डेटाचा फोल्डर रिकामा असताना, म्हणजे पहिल्याच वेळी वाचते. पुढे ते कितीही बदला, आतला युजर जुनाच पासवर्ड धरून असतो. डेटाबेसच्या कंटेनरमध्ये जाऊन पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं टूल) उघडा, 'ऑल्टर युजर' ने पासवर्ड बदला आणि तोच एन्व्ह फाईलमध्ये ठेवा.

इथे घाई झाली की माणूस इंटरनेटवरचं पहिलं उत्तर उचलतो: कंपोज डाऊनला (कंटेनर थांबवून काढून टाकणारी कमांड) व्ही पर्याय जोडा आणि पुन्हा अप करा. पासवर्ड लगेच चालू लागतो, कारण डेटाबेस आता कोरा असतो. व्ही पर्यायाने नाव दिलेली व्हॉल्यूमही (कंटेनर गेला तरी डेटा टिकवणाऱ्या जागा) पुसली जातात, आणि कंपोज त्याआधी तुम्हाला काहीही विचारत नाही. चालू दुकानाच्या मशीनवर तो पर्याय वापरूच नये, असं मी म्हणेन.

पासवर्ड बरोबर असूनही अडत असेल, तर त्यातली चिन्हं पाहा. डॉलरचं चिन्ह कंपोज व्हेरिएबल समजतो. कंपोज फाईलमध्ये ते दोनदा लिहावं लागतं. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये 'ॲट' चं चिन्ह आलं तर त्याच्या पुढचा भाग होस्ट धरला जातो. सोपा मार्ग म्हणजे चिन्हं टाळून अक्षरं आणि अंक यांचाच भरपूर लांब पासवर्ड ठेवणं.

डेटा 'गायब' झाला

असा फोन आला की आधी एकच सांगावं: कशालाच हात लावू नका. डेटा बहुधा डिस्कवर असतो, फक्त नवा कंटेनर दुसरीकडे बघत असतो.

एक कारण फोल्डरचं नाव. कंपोज प्रोजेक्टचं नाव फोल्डरवरून घेतो आणि तेच व्हॉल्यूमच्या नावापुढे जोडतो. 'टॉवेल' फोल्डरचं नाव 'टॉवेल-जुना' केलं, की पुढच्या वेळी नवं, रिकामं व्हॉल्यूम तयार होतं. ॲप पहिल्या दिवसासारखं ॲडमिनचं नाव विचारतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. व्हॉल्यूमची यादी काढा. जुनं तिथेच दिसेल. फाईलच्या सुरुवातीला प्रोजेक्टचं नाव स्पष्ट लिहून ठेवलं, तर हा प्रकार होतच नाही.

दुसरं कारण चुकीचा मार्ग. व्हॉल्यूम भलत्याच फोल्डरला लावलं, तर पोस्टग्रेस आपला डेटा एका निनावी व्हॉल्यूममध्ये ठेवतो. रीस्टार्ट केला तरी सगळं ठीक चालतं, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. मग कधीतरी डाऊन आणि अप होतं, आणि नवा कंटेनर नवं निनावी व्हॉल्यूम घेतो. जुनं अजून डिस्कवर असतं, पण अशा वेळी 'जागा मोकळी करू' म्हणून व्हॉल्यूम प्रून चालवलं तर संपलंच, कारण ती कमांड न वापरलेली निनावी व्हॉल्यूमच आधी उडवते.

हा मार्ग नेमका कोणता, हेही आवृत्तीवर आहे. पोस्टग्रेस १७ पर्यंतच्या अधिकृत इमेजमध्ये व्हॉल्यूम पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरखालच्या 'डेटा' ला लावायचं. १८ पासून ते एक पायरी वर, थेट पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरला लावायचं आहे. जुन्या लेखातली ओळ नव्या इमेजला चिकटवू नका.

म्हणूनच 'लेटेस्ट' टॅग (इमेजच्या आवृत्तीची खूण) डेटाबेसला कधीच लावू नये. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती दरवर्षी येते, आणि एका मुख्य आवृत्तीच्या डेटाफाईली दुसरी आवृत्ती थेट उघडत नाही. नेहमीच्या पुलमध्ये, म्हणजे इमेज नव्याने उतरवताना, १६ चं १७ झालं, की लॉगमध्ये फाईली जुळत नाहीत अशी ओळ येते आणि डेटाबेस उठत नाही. घाबरू नका, टॅग परत १६ करा, तो उठेल. मग सवडीने डंप (सगळ्या डेटाची फाईलमध्ये काढलेली प्रत) काढून नव्या आवृत्तीत भरा. तसंच डेबियन लिनक्सवरची इमेज सोडून आकार लहान म्हणून मध्येच अल्पाइन लिनक्सवर उडी मारू नका. दोन्हींची सी लायब्ररी वेगळी, अक्षरांचा क्रम लावायची रीत वेगळी. मजकुरावरचे इंडेक्स बिघडू शकतात आणि असलेली नोंद शोधल्यावर सापडत नाही.

फायरवॉल लावली, तरी पोर्ट उघडा

यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये डेटाबेसचा ५४३२ पोर्ट बंद केला म्हणून निश्चिंत राहू नका. डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची नेटवर्क नियमांची यादी) आपले नियम स्वतः घालतो, आणि प्रकाशित केलेला, म्हणजे बाहेरच्यांसाठी उघडलेला, पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून बाहेर पडतो. ॲप आणि डेटाबेस एकाच नेटवर्कवर असतील तर डेटाबेसचा पोर्ट प्रकाशित करायची गरजच नाही. ती ओळ काढून टाका. मशीनवरच्याच एखाद्या टूलला हवा असेल, तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा.

उलट तक्रारही येते: राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला, तरी घरून ॲप उघडत नाही. राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे बाहेरचा पत्ता इंटरनेट कंपनीने अनेकांत वाटलेला आहे, आणि फॉरवर्डिंगने काही होणार नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएनचा बोगदा तरी उभारा, नाहीतर इंटरनेट कंपनीकडून स्थिर पत्ता घ्या.

बॅकअप आहे, पण उघडून पाहिलाय का

चालू डेटाबेसचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नाही. कॉपी होईपर्यंत आतल्या फाईली बदलत असतात. पोस्टग्रेसचं पीजी-डंप हे टूल वापरा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं टूल) कंपोज एक्झेक (कंटेनरच्या आत कमांड द्यायची रीत) चालवताना मोठा टी पर्याय द्या, कारण क्रॉनला टर्मिनल नसतं. आउटपुट फाईलकडे वळवलं असेल, तर डंप फसला तरी शून्य बाइटची फाईल तारखेसकट तयार होते आणि फोल्डर बघणाऱ्याला सगळं छान वाटतं. महिन्यातून एकदा तो डंप दुसऱ्या रिकाम्या कंटेनरमध्ये भरून शेवटचं बिल दिसतं का ते पाहा. एक प्रत त्या इमारतीबाहेर हवी.

वेळ, अक्षरं, डिस्क

कंटेनरची घड्याळं यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालतात. रात्रपाळी असलेल्या कारखान्यात मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतचं उत्पादन आदल्या तारखेला पडतं आणि सकाळी सुपरवायझर भांडायला येतो. दोन्ही सेवांना टाइमझोन एशिया-कोलकाता द्या आणि डेटाबेसमध्ये टाइमझोनसह वेळ साठवा.

पीडीएफ बिलात मराठी नावांच्या जागी चौकोन येत असतील, तर डेटाबेसला दोष देऊ नका. स्लिम, म्हणजे छाटून लहान केलेल्या, इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो. डॉकरफाईलमध्ये (इमेज बांधायची कृती) लोहित फॉन्टचं देवनागरी पॅकेज टाकून इमेज पुन्हा बांधा.

कंटेनरच्या लॉगना (नोंदींच्या फाईलींना) डॉकर स्वतःहून मर्यादा घालत नाही. कमाल आकार दहा एमबी आणि तीन फाईली एवढं लिहिलं तरी पुरतं. नाहीतर एक दिवस डिस्क भरते, पोस्टग्रेसला वॉल लिहायला जागा उरत नाही आणि तो बंद पडतो. डिस्कवर भरपूर जागा असूनही 'जागा नाही' म्हणत असेल, तर ती शेअर्ड मेमरीची तक्रार असू शकते. कंटेनरला मुळात ६४ एमबीच मिळते, 'एसएचएम साइज' ही तिची सेटिंग वाढवा. आणि कंटेनर १३७ या कोडने बंद पडलेला दिसला, तर त्याला बाहेरून मारलेलं आहे. बहुतेक वेळा रॅम संपलेली असते, आणि त्याच मशीनवर कोणीतरी ब्राउझरच्या वीस टॅब उघडून बसलेलं असतं.