फायटिंग गेमसाठी सडपातळ, फक्त बटणांचा कंट्रोलर घरी कसा बनवावा

स्ट्रीट फायटर 6 किंवा टेकन 8 खेळताना दांड्याऐवजी चारही दिशा बटणांवर घेतल्या की मनगट टेबलावर स्थिर राहतं आणि दिशा बोटाच्या टोकावर येते. डाव्या हाताची तीन बोटं डावी, खाली, उजवी या दिशांवर, उडीचं बटण अंगठ्याखाली आणि उजव्या हाताला चार-चारच्या दोन ओळी. असा कंट्रोलर तयार घ्यायचा तर खिशाला जड जातो. पण याचं फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या चिपमधला प्रोग्रॅम जीपी2040-सीई, मुक्त स्रोत आहे आणि बोर्ड-पेटीच्या फाइलीही मोकळ्या मिळतात. हाताने सोल्डरिंग जमणाऱ्याने तो नक्की बनवावा, कारण पुढे बिघाड झाला तरी दुरुस्ती आपल्याच हातात राहते.

सामान. रास्पबेरी पाय पिको (कंट्रोलरचा मेंदू होणारा छोटा बोर्ड) 1, कैल कंपनीचे बुटके चॉक व्ही1 लाल स्विच 12 (15 मागवा, एखाद्याची पिन वाकतेच), स्टार्ट-सिलेक्ट-होमसाठी 6×6 मिमीचे टॅक्ट स्विच (छोटी दाबबटणं) 3, 1.6 मिमी जाडीचा सर्किट बोर्ड आणि एम3 स्क्रू. इंदूरमध्ये सोल्डर, फ्लक्स आणि टॅक्ट स्विचसाठी महाराणी रोडला चक्कर मारा. चॉक मात्र ऑनलाइनच मागवा. त्याऐवजी नेहमीच्या कीबोर्डचे स्विच कोणी दिले तर घेऊ नका. बोर्डापासून, ज्यात स्विच अडकतो त्या झाकणाच्या माथ्यापर्यंत चॉकला 2.2 मिमी लागतात, त्यांना 5 मिमी. शिवाय पिनांची जागाही वेगळी. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या बहुधा कमीत कमी 5 नग घेतात, तेव्हा चार मित्र जोडलेत तर खर्च वाटला जाईल.

पेटी. लांबी 210 मिमीच्या आत ठेवा, म्हणजे 220 मिमी बेडच्या साध्या 3डी प्रिंटरवर ती एका तुकड्यात निघते. तळ 2 मिमी, त्यावर स्विचच्या पिनांसाठी 2.5 मिमी मोकळी जागा, मग बोर्ड, मग झाकण: बटणांच्या टोप्या सोडून जाडी साधारण 8.3 मिमी भरते. झाकणात स्विचसाठी 13.8 मिमीचे चौकोन ठेवा आणि त्यांच्या कडेला जाडी 1.2 मिमीच ठेवा. जास्त झाली तर स्विच खटकन बसत नाही. प्रिंटसाठी पीएलए प्लास्टिकऐवजी पीईटीजी वापरा. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात इंदूरच्या उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. वाकलेलं झाकण पुन्हा सरळ होत नाही.

पिको बसवणं. खरी जाडी वाढते ती इथे. हेडर पिना (पिकोखाली लावायच्या उभ्या पिनांच्या पट्ट्या) लावूच नका; पिकोच्या कडेला अर्धगोल खाचा असतात, त्यातूनच पिको थेट बोर्डावर सपाट सोल्डर करा. पिकोच्या पोटाशी उघडे टेस्ट पॉइंट असतात, म्हणून खालच्या बोर्डावर त्या जागी उघडं तांबं नको. शंका वाटली तर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीजरोधक टेप) लावा. यूएसबी सॉकेट झाकणाच्या वर येतं, म्हणून मागच्या कडेला, बोटं जात नाहीत तिथे, झाकण 3 मिमी उंच करा. केबलच्या प्लगचं प्लास्टिक जाड असतं. खाच फक्त सॉकेटएवढी ठेवलीत तर प्लग पूर्ण आत जाणार नाही आणि खेळता खेळता कनेक्शन तुटेल.

जोडणी. प्रत्येक स्विचची एक पिन पिकोवरच्या आपापल्या जीपीआयओला (सिग्नलच्या पिनेला), दुसरी ग्राउंडला. प्रत्येक बटणाला स्वतंत्र पिन असल्यामुळे डायोड लागत नाही, आणि पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन 3.3 व्होल्टला धरून ठेवणारा रोध) पिकोच्या आतच आहे. जीपी2040-सीईच्या मूळ मांडणीत वर 2, खाली 3, उजवी 4, डावी 5. कृतीची आठ बटणं 6 ते 13. सिलेक्ट 16, स्टार्ट 17, होम 20. हे जीपी क्रमांक आहेत. पिकोच्या कडेने मोजलेले पिन क्रमांक वेगळे असतात, आणि हा घोटाळा सगळ्यात जास्त होतो. कुठल्याही जीपीआयओला 5 व्होल्ट देऊ नका, तो 3.3 व्होल्टचाच आहे.

सोल्डर करण्याआधी बोर्ड उलटा करून प्रत्येक स्विचच्या दोन्ही पिना भोकातून बाहेर आल्यात का ते पाहा. एखादी आत दुमडली तर स्विच वरून छान बसलेला दिसतो, पण बटण मुकं राहतं. 350 अंशांवर एका पिनेला दोन-तीन सेकंद पुरे. जास्त वेळ टेकवलंत तर प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते.

फर्मवेअर. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून केबल कॉम्प्युटरला लावा, आरपीआय-आरपी2 नावाचा ड्राइव्ह उघडेल. त्यात जीपी2040-सीईची पिकोसाठीची यूएफ2 फाइल टाका. ड्राइव्ह दिसलाच नाही तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात. मग स्टार्ट दाबून केबल लावा आणि ब्राउझरमध्ये 192.168.7.1 उघडा. तिथे एसओसीडी, म्हणजे डावी-उजवी एकत्र दाबल्यावर काय व्हावं, हे ठरतं. न्यूट्रल ठेवा, म्हणजे दोन्ही दिशा एकमेकींना रद्द करतात. शेवटचं दाबलेलं जिंकेल असा पर्याय स्पर्धांमध्ये नाकारला जाऊ शकतो, आणि त्याची सवय एकदा लागली की सुटायला वेळ लागतो.

झाकणाचे स्क्रू आवळण्याआधी विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत सगळी बटणं तपासा. एखादं सतत दाबलेलं दिसलं तर तिथे सोल्डरचा पूल ग्राउंडला टेकलाय. विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) ओढून घ्या. स्क्रू आवळल्यावरच एखादं बटण अडकत असेल तर झाकणाचा चौकोन कानसेने किंचित मोकळा करा, स्क्रू ढिला ठेवून भागवू नका.