सीएमएस निवडताय? तक्ते ठेवा बाजूला, आधी तुमचं सगळ्यात वाईट पान त्यात घालून बघा

सीएमएस म्हणजे कोड न लिहिता साइटची पानं बनवायचं आणि बदलायचं सॉफ्टवेअर. "कुठला सीएमएस चांगला" म्हणून शोधलं की दहा तक्ते समोर येतात, सगळ्यांत हिरव्या टिका, सगळ्यांत वर्डप्रेस एक नंबर नाहीतर विक्स एक नंबर, म्हणजे ज्याने जाहिरात दिली तो. ते लिहिणाऱ्याने त्या सीएमएसमध्ये मराठीत एक वाक्य तरी टाइप करून बघितलं असेल का, मला शंका आहे. मी गोव्यात वाचनालयं, नाट्यमंडळं, देवस्थान समित्या आणि काणकोण-पेडण्याकडचे होमस्टे अशांच्या साइटी करून देतो, आणि माझा अनुभव असा की तुलना फीचर्सची करायचीच नसते. आपला स्वतःचा मजकूर घ्यायचा, दोन-तीन सीएमएसमध्ये घालायचा आणि काय मोडतं ते बघायचं. बस.

पायरी १. साइटवर नेमकं काय जाणार ते कागदावर लिहा. किती पानं, कुठल्या भाषा, पैसे घ्यायचे की नाही, फोटो किती. अर्ध्या तासाचं काम.

पायरी २. यादी तीनावर आणा. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल हे फुकट आणि ओपन सोर्स, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा, आपलं आपण घ्यायचं. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय हे महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे घेतात आणि सगळं त्यांच्याच सर्व्हरवर. नुसती विक्री करायची असेल, काजू, फेणीचे ग्लास, कुणबी साड्या वगैरे, तर शॉपिफाय यादीत ठेवा, नाहीतर काढा. वर्षातून एकदाच बदलणारी पाच पानं असतील तर सीएमएसच नको, साधी एचटीएमएल पानं करून घ्या आणि सुखी राहा.

आणि वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात पक्कं करा. डॉट कॉम ही सेवा आहे, तिथे काय करता येईल ते तुमच्या प्लॅनवर ठरतं. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर मिळतं, ते तुम्ही कुठेही बसवा. तक्त्यांत अर्ध्या वेळा एकाचे गुण आणि दुसऱ्याची किंमत लिहिलेली असते.

पायरी ३. टेस्ट साइटी उघडा. पैसे भरायची गरज नाही. वर्डप्रेस प्लेग्राउंड ब्राउझरमध्येच चालतं (पान बंद केलं की सगळं जातं, म्हणून सेव्ह करायचं तर एक्सपोर्ट घ्या), जूमलाची फुकट साइट त्यांच्याच लाँच पोर्टलवर मिळते, विक्सचं फुकट खातं आहे.

पायरी ४. देवनागरी घालून बघा. आता हीच खरी पायरी. मी सगळ्यात जास्त इथेच अडकलो होतो, आणि मला हे कुठल्याच लेखात लिहिलेलं सापडलं नव्हतं, म्हणून इथे जरा वेळ काढा, बाकीच्या पायऱ्या पळत केल्यात तरी चालेल.

पहिली गोष्ट, मजकूर येतो कुठून? समितीचा सेक्रेटरी पेनड्राइव्ह आणून देतो, त्यात दहा वर्षांच्या स्मरणिका, डीटीपीवाल्याने पेजमेकरमध्ये श्रीलिपीत नाहीतर शिवाजी फॉन्टात केलेल्या. तो मजकूर युनिकोड नाही, म्हणजे तो फॉन्ट काढला की अक्षरंच बदलतात. कॉपी करून सीएमएसमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा काला दिसतो, आणि मग लोक सीएमएसला शिव्या देतात. सीएमएसचा काही दोष नाही त्यात. फॉन्ट कन्व्हर्टरमधून आधी युनिकोड करा आणि मग प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे होतात. पीडीएफमधून कॉपी करू नका. युनिकोड पीडीएफ असली तरी वेलांट्या आणि मात्रा जागा सोडतात, त्यापेक्षा परत टाइप केलेलं लवकर होतं. मी तर आता स्पष्ट सांगतो, मजकूर युनिकोडमध्ये द्या, नाहीतर टायपिंगचे पैसे वेगळे.

दुसरी गोष्ट, पानाचा पत्ता, म्हणजे स्लग. इथे प्रत्येक सीएमएस वेगळा वागतो आणि इथेच खरी तुलना होते. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) तीन बाइट घेतं आणि वेबपत्त्यात ते टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतं. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. वर्डप्रेस स्लगला अशा दोनशे अक्षरांची मर्यादा लावतं, म्हणजे साधारण बावीस चिन्हं झाली की कात्री. "वाचनालयाचा वार्षिक स्नेहमेळावा" असं शीर्षक देऊन बघा, पत्त्यात "वाचनालयाचा-वार्षिक-स्नेह" एवढंच राहतं. स्नेह उरला, मेळावा गेला! वर तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्के आणि आकड्यांची लांबच लांब माळ दिसते, म्हातारी माणसं ती बघून "व्हायरस आहे" म्हणून डिलीट करतात, हे मी बघितलंय.

जूमलात स्लगला एलियस म्हणतात, आणि युनिकोड एलियस नावाचं सेटिंग ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये आहे, ते मुळात बंद असतं. बंद असताना मराठी शीर्षक दिलं तर त्याला त्यातून काही अक्षर घेता येत नाही आणि पत्त्यात तारीख आणि वेळ येऊन बसते. ड्रुपल मुळात पत्त्यात "नोड" हा शब्द आणि नंबर एवढंच देतं, सुंदर पत्ते आपोआप हवेत तर पाथऑटो हे मॉड्यूल (वरून बसवायचा जोड) घालावं लागतं.

माझं मत ठाम आहे: स्लग हाताने, रोमनमध्ये, छोटा. "शिगमो-२०२५" असं काहीतरी, रोमन लिपीत. म्हणून तुलना करताना प्रश्न असा विचारा की स्लग बदलायची पेटी लिहिणाऱ्याला पटकन दिसते का? आणि नंतर बदलला तर जुना पत्ता नव्यावर आपोआप जातो का? वर्डप्रेसमध्ये पोस्टचा स्लग बदलला तर जुना पत्ता साधारणपणे वळतो. बाकीच्यांत स्वतः करून बघा, माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका.

तिसरी गोष्ट, थीम, म्हणजे साइटची तयार सजावट. डेमोमध्ये इंग्रजी शीर्षक मोठं सुंदर दिसतं, तिथे "श्री महालसा" टाका आणि बघा. थीमच्या फॉन्टात देवनागरी नसेल तर ब्राउझर मिळेल तो फॉन्ट लावतो, ठळक अक्षरं फुगल्यासारखी दिसतात. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लेटर-स्पेसिंग. इंग्रजी डिझायनरांना अक्षरं लांब लांब ठेवायची हौस असते, देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ही थीम तिथल्या तिथे बाद करा, किंवा लेटर-स्पेसिंग शून्य करता येतं का ते बघा. फॉन्ट म्हणाल तर मुक्त, नोटो सान्स देवनागरी, बलू हे फुकट मिळतात, मी बहुतेक ठिकाणी मुक्तच लावतो. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी निवडा. ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे मग मराठी वळणाचे ल आणि श येतात, नाहीतर हिंदीचे येतात आणि कोणीतरी निवृत्त मास्तर फोन करून सांगतोच.

चौथी, सर्च. ही टेस्ट कोणी करत नाही. वर्डप्रेसचा मूळचा सर्च अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. "पणजी" शोधलं तर "पणजीत" सापडतं, पण "म्हापसा" शोधलं तर "म्हापशात प्रयोग झाला" हे सापडणार नाही, "फोंडा" शोधून "फोंड्यात" मिळणार नाही, "देऊळ" शोधून "देवळात" तर नाहीच. त्यात "दऱ्या", "तऱ्हा" मधला ऱ्य-ऱ्ह दोन-तीन प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखा, आत वेगळा. उपाय गावठी आहे पण चालतो, प्रत्येक पानात खाली "स्थळ: म्हापसा" अशी मूळ रूपातली एक ओळ टाकायची. टॅगमध्ये टाकून भागत नाही, मूळ सर्च शीर्षक, सारांश आणि मजकूर एवढंच बघतो.

पाचवी, दोन-तीन भाषा. आपल्याकडे मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही हव्या असतात आणि त्यावरून समितीत एक मीटिंग जातेच, त्यात मी पडत नाही. वर्डप्रेसच्या गाभ्यात बहुभाषिक सोय नाही, प्लगिन, म्हणजे वरून बसवायचा जोड, लागतं. पॉलीलँग फुकटात बरंच करतं, डब्ल्यूपीएमएल विकतचं. जूमलात ही सोय गाभ्यातच आहे, ड्रुपलमध्येही आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, आणि खरं सांगायचं तर बहुभाषिक साइटीसाठी ड्रुपलची मांडणी सगळ्यात स्वच्छ आहे. पण भाषांच्या यादीत कोंकणी आहे का, नसेल तर आपल्या हाताने घालता येते का, ते उघडून बघा. कोंकणीला दोन अक्षरी आयएसओ कोडच नाही, केओके हा तीन अक्षरीच आहे, आणि एचरेफलँगमध्ये (कुठलं पान कुठल्या भाषेत ते सांगणारी खूण) गूगल दोन अक्षरी कोडच मानतो. म्हणजे मराठी-इंग्रजी पानांची जोडी गूगलला सांगता येते, कोंकणीची तशी नीट सांगता येत नाही. कोणी "आम्ही कोंकणी एसइओ पूर्ण करून देतो" म्हणाला तर त्याला हे एवढंच विचारा.

सहावी, बॅकअप परत आणून बघा. टेस्ट साइट एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर हलवा आणि मराठी पान उघडा. डेटाबेसची अक्षरपद्धत लॅटिन-१ (जुनी, देवनागरी न मावणारी) राहिली असेल तर सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसतील. एकदा का प्रश्नचिन्हं डेटाबेसात लिहिली गेली की मूळ अक्षरं परत येत नाहीत, म्हणून हे आज, चार पानं असताना करा. यूटीएफ-८-एमबी-४ असं लिहिलेलं दिसलं पाहिजे, वर्डप्रेस २०१५ पासून तेच वापरतं, पण त्याआधीपासून चालत आलेले डेटाबेस अजून आहेत.

पायरी ५. बाहेर पडायचा रस्ता बघा. टेस्ट साइटवर एक्सपोर्टचं बटण शोधा, दाबा, आलेली फाइल उघडा. विक्सवर बनवलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, ती तिथेच राहते. स्क्वेअरस्पेस काही पानं वर्डप्रेसच्या फॉरमॅटमध्ये देतं, सगळी नाही. शॉपिफायमधून वस्तूंची यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) निघते, पण दुकानाची सजावट दुसरीकडे चालत नाही. वर्डप्रेसची एक्सपोर्ट फाइल पण फसवी आहे, त्यात मजकूर असतो, फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात आणि आयात करताना जुनी साइट चालू असेल तरच ते ओढून आणता येतात. म्हणजे आधी जुनं होस्टिंग बंद केलं आणि मग फाइल चढवली की पन्नास वर्षांच्या नाटकांचे फोटो गेले. अपलोड्सचं फोल्डर वेगळं उतरवून घ्या.

पायरी ६. चालवणार कोण, त्याच्या हातात द्या. तुमच्या हातात नव्हे. जो खरोखर पोस्टी टाकणार त्याला मोबाइल द्या, सांगा की परवाच्या कार्यक्रमाची बातमी तीन फोटोंसकट टाक, आणि गप्प बसून बघा. मध्ये बोलायचं नाही! ड्रुपल मला कितीही आवडलं तरी ह्या पायरीवर बऱ्याच ठिकाणी पडतं, आणि समितीतला एकुलता एक कम्प्युटरवाला पोरगा बोटीवर नोकरीला गेला की दुसरा ड्रुपलवाला शोधायला जड जातं, वर्डप्रेसवाला गल्लीत मिळतो. पावसात दुपारी लिहून बघा, वीज जाणारच आहे. वर्डप्रेस मिनिटाभराने ड्राफ्ट आपोआप साठवतं, बाकीच्यांत काय होतं ते लाइट गेल्यावरच कळतं.

अपडेट कोण करणार तेही आत्ताच ठरवा. विक्स-शॉपिफायमध्ये ती कटकट नाही, हा त्यांचा खरा फायदा, आणि सीझनमध्ये पाहुण्यांमागे धावणाऱ्या होमस्टेवाल्या बाईला मी म्हणूनच विक्स नको म्हणत नाही, पाच पानं आणि एक फॉर्म आहे तिचा, उद्या परत बनवावी लागली तरी दोन दिवसांचं काम. पण ज्यांच्याकडे जुना साठा आहे, वाचनालय, नाट्यमंडळ, देवस्थान, त्यांनी तिकडे जाऊ नये. वर्डप्रेसमध्ये बहुतेक भगदाडं प्लगिनमधून पडतात, म्हणून प्लगिन मोजून घाला आणि ऑटो-अपडेट चालू ठेवा. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, जूमला ३ चा २०२३ मध्ये, तरी त्यावरच "नवीन" साइट करून देणारे भेटतात, म्हणून कोटेशनमध्ये आवृत्तीचा आकडा लिहून घ्या.

पायरी ७. ठरवा. मराठीचा साठा आणि साधी माणसं असतील तर स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस आणि पॉलीलँग. तीन भाषा, खूप विभाग आणि पगारी माणूस असेल तर ड्रुपल. जूमला आधीच चालवणारा कोणी असेल तर जूमला, मुद्दाम शोधत जाऊ नका.

डोमेन आणि होस्टिंग दोन्ही संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या, डेव्हलपरच्या नाही, माझ्यासुद्धा नाही. आणि टेस्टसाठी उघडलेली खाती आठवणीने बंद करा, जिथे कार्डचा नंबर दिलाय ती आधी.